आतला पांढरा कोणाचा?

स्मरणिकेचे काम निघाले की आपल्या बैठकांत दोन विषयांवर हमखास चर्चा रंगते. जाहिराती किती मिळाल्या हा एक, आणि मुखपृष्ठ कोणत्या रंगाचे असावे हा दुसरा. संस्थेचे बोधचिन्ह हा तिसरा विषय मात्र "मागच्या वर्षीचे आहे ना, तेच टाका" एवढ्या एका वाक्यात निकालात निघतो. पुढे अंक छापून हाती येतो, तेव्हा गर्द निळ्या मुखपृष्ठाच्या मध्यभागी एक पांढरा चौकोन असतो आणि त्या चौकोनात, खिडकीत बसविल्यासारखे, आपले वर्तुळाकार बोधचिन्ह दिसते. कामरेज चार रस्त्यावर लागणाऱ्या आरोग्य शिबिराच्या फ्लेक्सवर, रक्तदात्यांना द्यावयाच्या प्रमाणपत्रावर, अधिवेशनाच्या पिशवीवर सर्वत्र तोच चौकोन. जखम नसताना चिकटवलेल्या पट्टीसारखा तो दिसतो, आणि वर्षानुवर्षे पाहून आपल्या डोळ्यांना त्याची सवय झालेली आहे.

हा चौकोन काढून टाकणे, म्हणजेच बोधचिन्हाची पार्श्वभूमी पारदर्शक करणे, हे डीटीपी करणाऱ्या मुलाचे पाच मिनिटांचे काम आहे, त्यात डॉक्टरांनी डोके घालण्याचे कारण नाही, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. पार्श्वभूमी काढण्याचे हत्यार त्या मुलाच्या हाती आहे हे खरे. पण काय काढायचे आणि काय ठेवायचे हा निर्णय त्याचा नाही. तो निर्णय संस्थेचा आहे आणि आपण तो कधी घेतलेलाच नाही. शिवाय आपल्या व्यवसायात अशाही काही खुणा आहेत की ज्यांची पार्श्वभूमी काढणे सर्वस्वी अयोग्य आहे, आणि त्या आपण निष्काळजीपणे मोकळ्या सोडत आहोत. प्रस्तुत लेखाचा खरा रोख तिकडे आहे. परंतु तेथे पोहोचण्यासाठी आधी या पांढऱ्या रंगाची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

कागदावरच्या छपाईत पांढरा रंग सहसा छापलाच जात नाही. ऑफसेट यंत्रावर निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शाया असतात. जेथे शाई पडत नाही तेथे कागद दिसतो आणि त्यालाच आपण पांढरा म्हणतो. म्हणून आपले बोधचिन्ह प्रथम केवळ लेटरहेडवर आणि पावतीपुस्तकावर छापले जात होते, तेव्हा पार्श्वभूमीचा प्रश्न कोणालाही पडला नाही. कागद पांढरा, चिन्हाभोवतीचे रितेपण पांढरे, दोन्ही एकच. सुरतेच्या कापड बाजारातील जुनी माणसे साडीवरच्या बुट्ट्यांखालील मूळ रंगाला 'जमीन' म्हणतात. बुट्टी वेगळी, जमीन वेगळी. आपल्या चिन्हाची बुट्टी आपण ठरविली होती. जमीन मात्र कागदाने आपल्याला फुकट दिली होती.

संगणकाच्या पडद्यावर आणि स्कॅन केलेल्या चित्रात तसे होत नाही. तेथे पांढरा हाही इतर रंगांसारखाच एक रंग असतो आणि तो आपल्याखालचे सर्व काही झाकून टाकतो. लेटरहेड स्कॅन केले की चिन्हाबरोबर भोवतालचा कागदही चित्रात येतो, आणि ते चित्र निळ्या मुखपृष्ठावर ठेवले की कागदाचा तो तुकडा चौकोन होऊन दिसू लागतो. आपल्या बोधचिन्हामागचा चौकोन म्हणजे वस्तुतः एका जुन्या लेटरहेडचे कातरलेले कोपरे आहेत.

यावर उपाय शोधला गेला त्याला आता बरीच वर्षे लोटली. चित्रातील प्रत्येक बिंदूला तांबडा, हिरवा व निळा या तीन मात्रांखेरीज 'हा बिंदू किती झाकतो' हे सांगणारी चौथी मात्रा द्यावी, ही कल्पना एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ या दोघांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यू यॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मांडली. त्या मात्रेला त्यांनी 'अल्फा' हे नाव दिले. नेहमीच्या चित्रात तिच्या ० ते २५५ अशा पायऱ्या असतात. शून्य म्हणजे बिंदू संपूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे संपूर्ण अपारदर्शक. सर्वच प्रकारच्या फायलींत मात्र ही मात्रा साठविण्याची सोय नाही. छायाचित्रांसाठी १९९२ मध्ये प्रमाणित झालेल्या जेपेग या प्रकारात ती मुळीच नाही. जिफ या प्रकारात १९८९ च्या आवृत्तीपासून एक रंग पारदर्शक ठरविता येऊ लागला, पण मधल्या पायऱ्या नाहीत. बिंदू एकतर आहे किंवा नाही. जिफमध्ये वापरलेल्या आकुंचन पद्धतीवर एका कंपनीने पेटंटचा हक्क सांगितल्यावर त्याला पर्याय म्हणून १९९५-९६ मध्ये पीएनजी हा प्रकार तयार झाला आणि त्यात अल्फाच्या सर्व पायऱ्या आल्या. तेव्हा बोधचिन्ह जेपेग म्हणून साठविले की त्याला पांढरी किंवा काळी जमीन मिळणारच. त्यात कोणाचीही चूक नसते, तो त्या फायलीचा गुणधर्म आहे. आपला नित्याचा अनुभव असा की कोणीतरी कष्टाने पारदर्शक केलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर 'फोटो' म्हणून पाठवितो आणि पलीकडे ती जेपेग होऊन पोहोचते. तीच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविली तर जशीच्या तशी जाते. एवढी एक गोष्ट सर्व सभासदांनी ध्यानात ठेवली तरी अर्धे चौकोन नाहीसे होतील.

आता प्रत्यक्ष कातरकामाकडे वळू. शल्यक्रिया करणाऱ्यांना त्यात ओळखीच्या गोष्टी सापडतील. बाहेरचा पांढरा भाग निवडण्याचे साधन एका ठिकाणी टोचले की त्या ठिकाणाला जोडलेला सगळा पांढरा भाग निवडते आणि तो पुसता येतो. पण जो पांढरा भाग चहूबाजूंनी बंदिस्त आहे तेथपर्यंत ते पोहोचत नाही. वैद्यकीय बोधचिन्हात नेमके असे बंदिस्त भाग पुष्कळ. दंडाला वेढे घालून चढणारा सर्प आणि दंड यांच्यामधील पोकळ्या हे एक उदाहरण. दुसरे आपल्या मराठी अक्षरांचे. व, ब, क, म यांच्या पोटात मिटलेली जागा असते, आणि निळ्या जमिनीवर बोधचिन्ह ठेवले की या अक्षरांच्या पोटात पांढरे ठिपके चमकू लागतात. काम घाईत झाले की नाही हे ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे. अक्षरांची पोटे तपासावीत.

दुसरी अडचण कडांची. स्कॅन केलेल्या चित्रात रेषेची कड एकदम संपत नाही. गडद रंगाकडून पांढऱ्याकडे जाताना मधे दोन-तीन फिकट बिंदू असतात. वक्र रेषा दातेरी दिसू नये म्हणून ते आवश्यकच असतात. परंतु त्या फिकट बिंदूंत कागदाचा पांढरा मिसळलेला असतो. कातर फार बाहेरून घेतली तर चिन्हाभोवती पांढरी किनार राहते, फार आतून घेतली तर बारीक रेषा तुटतात. गाठ काढताना निरोगी ऊतींचा किती भाग सोबत घ्यावा हा जो विवेक आपण करतो, तोच येथे. यावर खरा उपाय म्हणजे स्कॅन केलेल्या चित्राशी झटापट न करता कोरल ड्रॉसारख्या कार्यक्रमात चिन्ह मुळापासून रेषांनी पुन्हा आखून घेणे. अशा रेखाकृतीला स्वतःची जमीन नसते, ती औषधाच्या चिठ्ठीएवढी लहान करा की चार रस्त्यावरच्या फ्लेक्सएवढी मोठी करा, कडा स्वच्छ राहतात. एका चांगल्या कारागिराचा एखादा दिवस त्यात जाईल. पण तो एकदाच जाईल.

आणि याच टप्प्यावर तो कारागीर मान वर करून आपल्याला एक प्रश्न विचारतो. कामरेज-वराछा भागात तो बहुधा गुजरातीतूनच विचारणार: "साहेब, अंदरनो सफेद राखवो छे के काढवो छे?" बाहेरचा पांढरा काढायचा हे उघड आहे. वर्तुळाच्या आतला काय करायचा? तो आपल्या चिन्हाचा भाग आहे की केवळ कागद? आत पांढरे भरलेले ठेवले तर निळ्या मुखपृष्ठावर चंद्रासारखे पांढरे वर्तुळ दिसेल आणि सर्प-दंड त्यावर उठून येतील. आतले काढले तर निळा रंग आरपार येईल, आणि गडद निळ्यावर गडद हिरवा सर्प नाहीसाच होईल. पारदर्शक केले म्हणजे सर्व साधले, असे नव्हे. आपली जमीन सोडून दिलेल्या चिन्हाला परक्या जमिनीवर उभे राहावे लागते, आणि प्रत्येक जमिनीवर ते तगतेच असे नाही. म्हणून जाणकार संस्था फिकट जमिनीसाठी एक व गडद जमिनीसाठी एक, अशा दोन आकृत्या तयार ठेवतात. परंतु मूळ प्रश्नाचे उत्तर त्याने सुटत नाही. आतला पांढरा कोणाचा, हे संस्थेलाच सांगावे लागते. आपल्याकडे ते कोणी सांगू शकत नाही, म्हणून प्रत्येक छापखाना आपापल्या मगदुराप्रमाणे ठरवितो आणि आपल्या चिन्हाचे चार अवतार बाजारात हिंडतात.

हा प्रश्न किरकोळ वाटत असेल तर त्याचे उत्तर कायद्याने देऊन ठेवलेले एक चिन्ह पाहावे. ते आपल्या सर्वांच्या मोटारींवर, दवाखान्यांच्या पाट्यांवर आणि क्वचित औषधाच्या चिठ्ठ्यांवरही आढळते. तो लाल क्रॉस. १८६४ च्या जिनिव्हा करारात रणांगणावरील वैद्यकीय सेवेची खूण म्हणून तो स्वीकारला गेला, आणि १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराचे अडतिसावे कलम सांगते की स्वित्झर्लंडविषयीच्या आदरापोटी त्या देशाच्या ध्वजाचे रंग उलटे करून पांढऱ्या जमिनीवर लाल क्रॉस हे चिन्ह ठेवले आहे. स्विस ध्वज लाल जमिनीवर पांढरा क्रॉस. हे चिन्ह पांढऱ्या जमिनीवर लाल. येथे जमीन काढून टाकली तर चिन्हाचा अर्धा अर्थच गेला. आपल्या देशाचा १९६० चा जिनिव्हा करार कायदा या चिन्हाचे वर्णन करताना समान लांबीच्या उभ्या-आडव्या भुजांचा लाल क्रॉस आणि त्याला पूर्णपणे वेढणारी पांढरी जमीन, असे दोन्हींचे वर्णन करतो. त्याच कायद्याच्या बाराव्या कलमानुसार केंद्र सरकारच्या मान्यतेवाचून हे चिन्ह किंवा त्याच्याशी गल्लत होईल असे चिन्ह कोणालाही वापरता येत नाही, आणि या 'कोणालाही'त आपण डॉक्टरही येतो. हे चिन्ह वैद्यक व्यवसायाचे नाही; ते युद्धात जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांवर गोळी झाडू नये म्हणून दिलेल्या अभयाचे आहे. रस्त्यारस्त्यांवर ते स्वस्त झाले तर जेथे त्याने जीव वाचावयाचे तेथे त्याची जरब राहणार नाही. जमीन काढून, रंग थोडा बदलून, क्रॉसला हिरवे पान जोडून वगैरे पळवाटा काढणारी मंडळी आहेत. त्यापेक्षा एक सर्प असलेला अस्क्लेपियसचा दंड आपला आहे, तो वापरावा. (दोन सर्प आणि पंख असलेला दंड ग्रीकांच्या हर्मिस या देवाचा, जो व्यापाऱ्यांचा आणि चोरांचाही पाठीराखा. अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय दलाने १९०२ मध्ये तो गणवेशावर घेतला आणि तेथून तो जगभर डॉक्टरांच्या माथी बसला. पुष्कळ स्मरणिकांवर तोच विराजमान असतो. असो.) जागतिक आरोग्य संघटनेचे चिन्हही, त्यात एकच सर्प असला तरी, आपल्याला उचलता येत नाही; १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या परिशिष्टात त्याचा उल्लेख आहे.

सारांश, काही चिन्हांची जमीन कागदाची असते आणि काहींची स्वतःची असते. पण तिसराही एक प्रकार आहे. काही खुणांची सारी किंमतच त्या ज्या जमिनीवर उमटल्या तिच्यापासून अलग करता येत नाहीत यात असते. ही जाण फार जुनी आहे आणि तिचा दाखला शोधायला आपल्या कामरेजबाहेर जाण्याचेही कारण नाही.

महामार्गावरून जाताना टोलनाका आणि चार रस्ता यांपलीकडे ज्यांना कामरेज माहीत नाही, त्यांना हे ऐकून नवल वाटेल की तापीकाठचे हे ठिकाण ताम्रपटांत 'कार्मणेय' या नावाने येते. कार्मणेय आहार म्हणजे त्या काळचा कामरेज परगणा. गुजरातच्या चालुक्य घराण्यातील युवराज श्र्याश्रय शीलादित्य याचा कलचुरी संवत ४४३, म्हणजे सुमारे इ. स. ६९२ चा जो ताम्रपट सुरतेस मिळाला, त्यात या आहाराचा उल्लेख आहे. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरी संवताच्या लेखांचा जो बृहद्ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात हे सारे लेख एकत्र पाहावयास मिळतात. अशा ताम्रपटांची रचना पाहण्यासारखी असते. पत्र्यांना भोके पाडून त्यांतून तांब्याची कडी ओवीत आणि कडीचा सांधा राजमुद्रेच्या गोळ्यात बंद करीत. कडी तोडल्यावाचून पत्रा बदलता येऊ नये, आणि मुद्रा अभंग असताना कडी तोडता येऊ नये, अशी ती योजना. मुद्रा ही शोभेसाठी नव्हे. ती अमुक मजकुराशी जखडलेली होती.

तरीही बनावट ताम्रपट निघालेच, आणि तेही याच मुलखात. भरुचच्या गुर्जर घराण्यातील दद्द राजाच्या नावाचे उमेटा, इलाव आणि सुरत जिल्ह्यातील बगुमरा येथले तीन पट संशोधकांनी बनावट ठरविले. या घराण्याचे अस्सल पट कलचुरी संवतात वर्ष देतात. या तिघांवर मात्र शक संवत. बनावट करणाऱ्याने राजाचे नाव उचलले, बिरुदे उचलली, पण ज्या काळाच्या जमिनीवर ते नाव उभे होते ती जमीन त्याला उचलता आली नाही.

मराठी दप्तरातही हीच दक्षता दिसते. लांब पत्रासाठी कागदाचे बंद एकमेकांना चिकटवीत, आणि मधला बंद कोणी बदलू नये म्हणून जोडावर मागील बाजूने शिक्का उठवीत. अर्धा या बंदावर, अर्धा त्या बंदावर. मजकूर संपला की 'मर्यादेयं विराजते' असे अक्षर असलेली लहान मुद्रा उमटत असे, कारण तिच्याखाली कोणी एक ओळही वाढवू नये. पत्राच्या शेवटी सही-शिक्का मारण्याची आपली रीत म्हणजे निव्वळ उपचार नव्हे, ती एक कुंपणाची भिंत आहे, हे त्या कारकुनांना पक्के ठाऊक होते.

आता आपल्या टेबलाच्या खणाकडे पाहू. त्यात एक गोल शिक्का असतो, नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक असलेला. शेजारी पेन. या दोहोंनी उमटविलेल्या खुणेवर एखाद्या कामगाराची पगारी रजा मंजूर होते, विद्यार्थ्याची परीक्षा पुढे जाते, विम्याचा दावा मान्य होतो, न्यायालयात तारीख बदलते. गेल्या काही वर्षांत आपण या खुणेचे काय केले? करोनाच्या साथीत, २५ मार्च २०२० रोजी, दूरवैद्यकाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि सही केलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र वा स्कॅन रुग्णास पाठविणे मान्य झाले. ती सोय गरजेची होती आणि तिने पुष्कळांचे भले झाले. पण त्याच काळात पुष्कळ दवाखान्यांत एक निराळी सवय रुजली. डॉक्टरांनी कोऱ्या पांढऱ्या कागदावर एकदा सही करायची, शिक्का मारायचा, त्याचा फोटो काढायचा, कोणीतरी त्याची पार्श्वभूमी पारदर्शक करून द्यायची आणि ती फाइल स्वागतकक्षातील संगणकावर ठेवायची. मग चिठ्ठी असो, बिल असो, दाखला असो, सही टिचकीसरशी खाली येऊन बसते. किती छान, वेळ वाचला!

वेळ वाचला हे खरे. परंतु शिक्क्याची जमीन काढून टाकून आपण काय तयार केले याचा विचार करावा. जी खूण एका कागदाला, एका रुग्णाला, एका तारखेला बांधलेली होती, ती आपण आपल्याच हातांनी सोडवून मोकळी केली. आता ती कोणत्याही जमिनीवर बसेल. ती फाइल एखाद्या कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये गेली, तो कर्मचारी नोकरी सोडून गेला, फोन दुरुस्तीला गेला. पुढे तिचे काय होते हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. पूर्वी सही कागदावरून उचलण्यासाठी निष्णात हात लागत. २०२२ पासून तर काही फोनांत चित्रावर बोट दाबून धरले की त्यातील वस्तू पार्श्वभूमीपासून आपोआप सुटी होते. चोराची सोय विज्ञानाने केलीच आहे. निदान कोऱ्या पांढऱ्या कागदावरची स्वच्छ सही त्याच्या हाती देण्याचे पुण्य तरी आपण घेऊ नये.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सहीचे असे चित्र म्हणजेच 'डिजिटल सही' असे पुष्कळ सहकारी समजतात. तसे मुळीच नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये ज्या डिजिटल सहीला मान्यता आहे ती चित्र नसून गणित आहे. संपूर्ण दस्तऐवजाच्या मजकुरावरून एक आकडा काढला जातो आणि सही करणाराजवळच्या गुप्त किल्लीने तो बंद केला जातो. मजकुरात एका अक्षराचा फरक झाला तरी पडताळणी फसते, आणि एका दस्तऐवजाची ही सही दुसऱ्याला लावली तर ती लागतच नाही. ताम्रपटाच्या कडीत जी योजना होती तीच येथे अंकांत आली आहे. सही आणि तिची जमीन यांचा सांधा बंद. चित्रातल्या सहीत नेमका हाच गुण नाही.

क्ष-किरण चित्रे पाहणाऱ्यांना हा भेद सांगावा लागणार नाही. उजवी-डावी बाजू दाखविणारे शिशाचे अक्षर चित्र घेतानाच ठेवले तर ते रुग्णाच्या हाडांबरोबर उमटते. नंतर संगणकावर टाकलेले अक्षर कोणत्याही बाजूला टाकता येते. दिसायला दोन्ही सारखीच, किंबहुना दुसरे अधिक सुबक. वाद निर्माण झाला तर भरवसा पहिल्याचाच.

आणि वाद आपल्याच दारी येतो. खोटा दाखला कोणी तयार केला हा गुन्ह्याचा तपास पोलीस करतील. पण नाव, नोंदणी क्रमांक आणि सही आपली असते, आणि 'हा दाखला मी दिलेला नाही' हे दाखविण्यासाठी आपल्याजवळ काय आहे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जातो. त्याचे उत्तर भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने आधीच देऊन ठेवले आहे. दिलेल्या प्रत्येक दाखल्याची तपशीलवार नोंदवही ठेवावी, रुग्णाच्या शरीरावरील ओळखीच्या खुणा लिहाव्यात, त्याची सही वा अंगठा घ्यावा आणि दाखल्याची प्रत जपून ठेवावी, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ मध्ये आणलेली नवी आचारसंहिता त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित झाल्याने २००२ चीच संहिता लागू राहिली. अशी नोंदवही किती दवाखान्यांत नियमाने लिहिली जाते हे प्रत्येकाने आपल्यापुरते पाहावे. दाखल्यावरचा क्रमांक नोंदवहीतल्या ओळीशी जुळतो की नाही, ही खरी जमीन आहे. ती कोणत्याही कार्यक्रमाने पुसता येत नाही.

कागदावर सही करतानाही थोडी जुनी शहाणीव उपयोगी पडेल. सही मोकळ्या पांढऱ्या जागेत न करता शेवटच्या छापील ओळीवर थोडी चढवावी. शिक्का सहीवर आणि मजकुरावर अर्धा-अर्धा पडावा. मजकूर संपल्यावर उरलेल्या जागेत तिरपी रेघ मारावी. शिक्का अस्पष्ट दिसतो, दाखला देखणा दिसत नाही, अशी तक्रार स्वागतकक्षातून येईल. येऊ द्यावी. गुंतलेली सही सोडविता येतच नाही असा माझा दावा नाही, पण सोडविताना तिच्या कडा फाटतात आणि अक्षरांच्या पोटात मूळ कागद राहून जातो. बोधचिन्हाच्या बाबतीत आपल्याला जो दोष वाटला, तोच येथे साक्षीदार होतो.

"मग संस्थेच्या बोधचिन्हाची पारदर्शक फाइल तरी सर्वांना का द्यायची? तिचाही गैरवापर होईल," असा आक्षेप काही ज्येष्ठ सभासद घेतील, आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु बोधचिन्ह ही ओळख आहे, हमी नव्हे. ते लोकांनी ओळखावे, दुरून ओळखावे, कोणत्याही रंगावर ओळखावे, यासाठीच असते. ते तिजोरीत ठेवून चालणार नाही. केवळ बोधचिन्ह पाहून एखाद्या पत्रावर कोणी विश्वास ठेवत असेल तर त्या पत्रावर जावक क्रमांक आणि अधिकृत सही घालण्याची शिस्त आपण लावली पाहिजे. चिन्ह मोकळे सोडावे आणि सही बांधून ठेवावी. सध्या आपल्याकडे नेमके उलटे चालले आहे. चिन्ह चौकोनात कोंडलेले आहे आणि सह्या गावभर मोकळ्या फिरत आहेत.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे म्हणून माझी सूचना अशी. बोधचिन्ह एकदा रेषांनी पुन्हा आखून घ्यावे. मूळ फाइल चिटणीसांकडे राहावी, कार्यकारिणी बदलली की ती दप्तराबरोबर नव्या चिटणीसांच्या हाती सोपविली जावी, आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. सभासदांना फिकट व गडद जमिनीसाठीच्या दोन पीएनजी फायली द्याव्यात. पदाधिकाऱ्यांच्या सह्यांची जी चित्रे प्रमाणपत्रांसाठी म्हणून आपल्या सामाईक गटावर वेळोवेळी टाकली गेली आहेत ती त्यांनी स्वतः काढून घ्यावीत; शंभर-दीडशे प्रमाणपत्रांवर हाताने सह्या करायला एक संध्याकाळ आणि दोन चहा लागतात. ज्या सभासदांच्या मोटारीवर किंवा पाटीवर लाल क्रॉस आहे त्यांनी तो उतरवावा.

राहिला आतला पांढरा. माझे मत विचाराल तर तो ठेवावा. गर्द रंगावर सर्प दिसला पाहिजे, आणि रात्री महामार्गावरून येणाऱ्या माणसाला पांढरे वर्तुळ लांबून दिसते. पण एकट्याच्या मताने हे ठरू नये. दोन्ही नमुने निळ्या, पांढऱ्या आणि भगव्या कागदावर छापून सभागृहाच्या दाराशी लावावेत, सभासदांनी ते पाहावेत आणि हात वर करून काय ते ठरवावे. हिवाळी शिबिराच्या फ्लेक्सची ऑर्डर त्यानंतर द्यावी.